विश्लेषण : ‘आभा’ आहे, पण रेंज नाही, आरोग्यनोंदींचा ताबा रुग्णाकडे कसा राहणार?

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातून किंवा मेळघाटातून दरवर्षी हजारो कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. सोबत आधारकार्ड जाते. मात्र सिकलसेलची तपासणी झाली का, क्षयाच्या औषधांचा कितवा महिना सुरू आहे, ही माहिती बहुतेकदा गावाकडच्या रजिस्टरमध्येच राहते. ऊसतोडीच्या तळाजवळचा डॉक्टर मग पहिल्यापासून विचारायला लागतो. डिजिटल नोंदी यावरच उपाय म्हणून आल्या. तो उपाय रेंज नसलेल्या पाड्यावर कितपत चालतो?

‘आभा’मध्ये नोंदी कुठे असतात?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकातच सगळी फाइल असते, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. नोंद ज्या रुग्णालयात तयार झाली तिथेच राहते; क्रमांक केवळ धागा जोडतो. दुसऱ्या डॉक्टरला ती पाहायची असेल, तर रुग्णाच्या मोबाइलवर विनंती येते. कोणत्या नोंदी, कशासाठी आणि किती काळ दाखवायच्या हे रुग्ण ठरवतो, दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. कागदावर ही रचना रुग्णाच्या बाजूची आहे.

मग अडते कुठे?

ही रचना प्रत्येकाकडे स्वत:चा स्मार्टफोन, चालू सिम आणि इंटरनेट आहे असे धरून चालते. पाड्यावर घरात एकच फोन असतो आणि तो बहुधा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. आधारला जोडलेले सिम कधीच बंद पडलेले असते. अशा वेळी संमती म्हणजे ‘ओटीपी सांगा’ एवढेच उरते. टॉवर उभारून रेंजचा प्रश्न सुटेल, पण फोन ज्याच्या हातात, संमतीही त्याचीच, हा प्रश्न सुटणार नाही. गर्भपात, एचआयव्ही किंवा मानसिक आजाराची नोंद असलेल्या बाईसाठी ही किरकोळ बाब नाही.

ऑफलाइन पर्याय आहेत का?

आहेत, आणि जुने आहेत. गरोदर महिलेला मिळणारे माता व बालसंरक्षण कार्ड तिच्याच घरी राहते. जपानने मातेकडे राहणारी अशी माता-बाल पुस्तिका १९४८ मध्ये आणली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये घरी ठेवायच्या नोंदींची शिफारस केली. डिजिटल जगातले चांगले उदाहरण उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमातील ‘सिंपल’ अ‍ॅपचे. महाराष्ट्रासह काही राज्यांत ते वापरले गेले. रुग्णाला क्यूआर कोड असलेले ‘बीपी पासपोर्ट’ कार्ड मिळते. परिचारिका कोड स्कॅन करते, नोंद तिच्या फोनमध्ये साठते आणि रेंज मिळाली की वर जाते. रुग्णाकडे फोन असण्याची गरजच नाही.

अर्थात कार्ड पावसात भिजते, हरवते आणि घरातले कोणीही वाचू शकते. रक्तदाबाच्या आकड्यांना ते चालून जाते. एचआयव्हीच्या नोंदीला नाही. सगळ्या आजारांना एकच कार्ड किंवा एकच अ‍ॅप लावण्याचा हट्ट इथे धोक्याचा ठरतो.

रुग्णाला हक्काने काय मागता येते?

‘आभा’ ऐच्छिक आहे. तो क्रमांक नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, असे मिशनचे धोरणच सांगते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहितीचा गोषवारा मागण्याचा व चुका दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. पाड्यावरच्या रुग्णाला तोवर ७२ तासांचा नियमच जवळचा. त्यासाठी ना रेंज लागते ना ओटीपी. मागणीचा अर्ज पुरतो, आणि तो लिहून द्यायला आशाताई किंवा शिक्षक गावातच असतात.