समुद्राशी ओळख – भाग ६ : जिथे लाट फुटत नाही

गेल्या आठवड्यात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ कशी काढायची ते आपण पाहिलं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हा हिशेब किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला यायला हवा. मात्र तेवढ्या भरवशावर कुणी पाण्यात उतरू नये, म्हणून आजचा भाग.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवसाचं पंचांग काढलं तर तिथी निघते पौष वद्य अष्टमी. म्हणजे भांगाचे दिवस, उधाण नव्हतं. पावसाळाही नव्हता. घरातली वडीलधारी माणसं समुद्राच्या ज्या दोन धोक्यांबद्दल बजावून पाठवतात, त्यांतला एकही त्या दिवशी नव्हता. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात कमी सांगितला जातो तो तिसरा धोका. तो कॅलेंडरवर नसतो, पाण्यातच असतो.

लाटा एकामागून एक किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जाणारच. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचे लांबट उंचवटे असतात आणि त्यांच्यामुळे परतणारं पाणी अडतं. मग शेताचा बांध एका जागी फुटावा आणि सगळं पाणी त्याच खिंडीतून धावावं, तसं ते उंचवट्यातल्या सखल जागेतून जोरात समुद्राकडे निघतं. हाच रिप करंट. आपले कोळी ‘इथे पाण्याला ओढ आहे’ म्हणतात, तेव्हा अनेकदा ते याच प्रवाहाबद्दल सांगत असतात. वाळू सरकली की त्याची जागाही बदलते, त्यामुळे गेल्या वर्षी निर्धास्त डुंबलो ती जागा यंदा तशीच असेल असं नाही. खडकांच्या कडेला आणि जेटीला लागून मात्र तो हमखास आढळतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी ओढतं ते निराळ्या कारणाने, पण माणसाला नेतं तसंच.

आता यातली सगळ्यात घातक गोष्ट. परतीचा प्रवाह जिथून वाहतो तिथे पाणी खोल असतं आणि खोल पाण्यात लाट फुटत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना फेसाळ लाटा आणि मध्ये शांत, जरा गडद पट्टा, असं दृश्य दिसतं. लाटांना घाबरणारी आई मुलांना घेऊन नेमकी त्या शांत पट्ट्यात उतरते. तिचं चुकत नाही. तिला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून पाण्याजवळ गेल्यावर आधी दहा मिनिटं काठावर उभं राहून बघावं. कुठे लाटा फुटत नाहीत? कुठे फेस उलटा समुद्राकडे जातोय? कुठलं पाणी वाळूने गढूळलंय? मग तिथल्या एखाद्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारावं. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची नियमित व्यवस्था आहे. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यावर त्यांची नजर असते, आणि नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही.

हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. जोरात असेल तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. ऑलिंपिकमधले जलतरणपटू शंभर मीटर साधारण याच वेगाने पोहतात. त्याच्याविरुद्ध हात मारत किनारा गाठणं म्हणूनच अशक्य, आणि बहुतेक जण बुडतात ते ही झुंज देऊन दमल्यामुळे. पोहता येत असेल तर आधी उताणं होऊन तरंगा, हात वर करून मदत मागा. प्रवाह अरुंद असतो, त्यामुळे जमेल तसं किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत त्या बाजूला सरका. तिथून लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात.

पण समुद्रावर जाणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांना पोहता येत नाही. समांतर पोहण्याचा सल्ला त्यांच्या काय कामाचा? त्यांच्यासाठी मी एकच मर्यादा सांगेन: गुडघा. कमरेइतक्या पाण्यात एक लाट पाय उचलते आणि परतताना पायाखालची वाळूही घेऊन जाते. गणपतीपुळ्यात दर्शनानंतर पाय भिजवायला उतरलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. साडी, जीन्स, ओढणी भिजली की हातापायांना गुंडाळते, तेही लक्षात असू द्या.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड जेमतेम पाण्यावर येतं, तेवढ्यात श्वासच घ्यायचा असतो. मान मागे, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबताहेत, आवाज नाही. असं मूल दहा फुटांवर असूनही लक्षात येत नाही, म्हणून लहान मुलांबरोबरच्या मोठ्याने मोबाइल पिशवीत ठेवावा आणि मुलाच्या हाताच्या अंतरावर उभं राहावं.

कुणी वाहून जाताना दिसलं तर मागे उडी टाकू नका, हातात हात धरून साखळीही करू नका. एकाच घरातले तिघे-चौघे जातात ते असेच. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन, दोर, ट्यूब, जे तरंगेल ते फेका. एकाने त्या माणसावरची नजर हलवायची नाही, दुसऱ्याने ११२ ला फोन करायचा. बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं यात मोलाची मिनिटं जातात. त्याला श्वास नसेल तर उताणं झोपवून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि मग छातीवर दाब. श्वास सुरू झाला, माणूस बोलायला लागला, तरी रुग्णालयात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

छातीवर दाब नेमका कुठे, किती आणि लहान मुलांच्या बाबतीत कसा, हे पुढच्या आठवड्यात.