दुखणे आहे तसे लिहा

अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली, ही कथा आपण विहारात ऐकतो. विनयपिटकात त्याच ठिकाणी पुढे आणखी एक गोष्ट येते, ती फारशी सांगितली जात नाही. दुखणे वाढते आहे, उतरते आहे की तसेच आहे, हे रुग्णाने सेवा करणाऱ्याला खरेखरे सांगावे. पण ज्या म्हाताऱ्या माणसाला सांगताच येत नाही, त्याचे काय?

अमेरिकेत यासाठी कायदा करावा लागला. तिथले नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचा बाळंतपणाचा दवाखाना नव्हे. परावलंबी वृद्ध तिथे वर्षानुवर्षे राहतात. पूर्वी त्यांना खुर्चीला बांधून ठेवत, गुंगीची औषधे देत. १९८७ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या होमना बंधन घातले : माणूस आल्यापासून १४ दिवसांत त्याची पूर्ण तपासणी लिहायची आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचे. चालतो का, गिळतो का, लघवीवर ताबा आहे का, कातडी शाबूत आहे का, असे सारे त्यात येते. २०१० पासून वेदना आणि मनःस्थिती शक्यतो वृद्धालाच विचारून लिहितात. जाणूनबुजून खोटे लिहिल्यास दंड आहे.

तरीही खोट राहिली, कारण तक्ता भरणारे होमच आणि त्यावरून मिळणारा पैसा व दर्जाही होमचाच! शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली इस्पितळांची बिले ताडून पाहिली. पडून गंभीर इजा झालेल्या शंभरांपैकी सुमारे ५८ घटनाच तक्त्यात होत्या. पडल्याची नोंद नाही, म्हणजे आधार देणाराही नाही. म्हातारा पुन्हा पडतो.

आपल्या घरी ना तक्ता, ना तपासनीस. आजीची सेवा सून नाहीतर लेक करते आणि दवाखान्यात मात्र मुलगा नेतो. डॉक्टरने विचारले की तो "बरं आहे" म्हणतो. म्हणून जी सेवा करते तिनेच वहीत लिहावे : कधी पडली, किती जेवली, रात्री किती वेळा उठली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे माकडहाड आणि टाचा रोज पाहाव्यात. पुस्तकात लिहिलेली लाली आपल्या सावळ्या कातडीवर सहसा दिसत नाही. तेव्हा हात लावून पाहावे. जागा भोवतीपेक्षा गरम, कडक किंवा अधिक काळपट लागली, तर कूस बदलून त्या जागेवरचा भार काढावा, चोळू नये, आणि तारीख टाकून वही डॉक्टरांना दाखवावी.