विद्यापीठाचे सल्लागार : त्यांचे व्यवसाय आणि आपला संबंध

सुरत शहराच्या आग्नेय भागात नवागाम व डिंडोली ही एकमेकांस लागून असलेली गावे आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून कामधंद्यानिमित्त आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. यंत्रमाग, कापडाची रंगाई-छपाई आणि हिऱ्यांना पैलू पाडणे हे सुरतेचे प्रमुख उद्योग. त्यांत राबणाऱ्या आईवडिलांची मुले पालिकेच्या मराठी शाळेत शिकतात. पुढे त्यांतील कोणी सुरतेच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात जातो, तर कोणी खानदेशात परतून जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या महाविद्यालयात प्रवेश घेतो.

अशा घरातील मुलगा किंवा मुलगी हीच बहुधा त्या घराण्यातील पहिली महाविद्यालयीन पिढी असते. आपण काय शिकावयाचे, परीक्षा केव्हा द्यावयाची, शुल्क किती भरावयाचे, हे सर्व ‘विद्यापीठ’ ठरविते, एवढेच त्यांस ठाऊक असते. परंतु विद्यापीठ म्हणजे केवळ इमारत नव्हे. तेथे निर्णय घेणारी व सल्ला देणारी निरनिराळी मंडळे असतात आणि त्या मंडळांवर माणसे असतात. ती माणसे कोणत्या व्यवसायातील आहेत, हा प्रश्न म्हणूनच सामान्य पालकाच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

पहिल्या मंडळावरील माणसे

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 साली झाली. त्या काळी सुरत, खानदेश, पुणे हा सर्व प्रदेश मुंबई इलाख्यात मोडत असल्याने हेच विद्यापीठ सर्वांचे होते. स्थापनेच्या कायद्यात सदस्यांची नावेच नमूद केलेली होती. त्यांत बहुतेक इंग्रज अधिकारी, न्यायाधीश व धर्मोपदेशक होते. भारतीय नावे अवघी पाच : सर जमशेटजी जीजीभाई व जगन्नाथ शंकरशेट हे नामांकित शेठ, बमनजी होरमसजी हे पारशी गृहस्थ, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर डॉ. भाऊ दाजी आणि मुंबईचे काझी महंमद युसूफ मुरघे. व्यापार, वैद्यक व धर्मशास्त्र यांना अशा रीतीने स्थान मिळाले. शेती व कारागिरी यांना मात्र मिळाले नाही.

ही उणीव 1882 साली एका साक्षीतून समोर आली. हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना महात्मा जोतीराव फुले यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी करून दिली होती. ते विद्यापीठाच्या कोणत्याही मंडळावर नव्हते. तथापि प्राथमिक शाळेत शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, अशी सूचना त्यांनी केली. महाविद्यालयात न जाता खासगी रीतीने अभ्यास करणाऱ्यास प्रवेश परीक्षेप्रमाणेच बी. ए., एम. ए. यांसारख्या परीक्षांनाही बसता यावे, असेही त्यांनी सुचविले. दिवसा काम करून रात्री अभ्यास करणाऱ्या माणसाची अडचण ज्याने जवळून पाहिली आहे, त्यालाच ही गोष्ट सुचू शकते. बहिःस्थ शिक्षणाची सोय आज सर्वांच्या परिचयाची आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर 1989 पासून याच कार्यासाठी उभे आहे.

दुसरे उदाहरण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. ते व्यवसायाने न्यायाधीश होते. परंतु विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठी व अन्य देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून त्यांनी मुंबई विद्यापीठात चिकाटीने प्रयत्न केले. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे 1892 साली त्या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. तेही उच्च न्यायालयाचे न्यायाधीशच होते. अध्यापन हा ज्यांचा व्यवसाय नाही अशांनीही विद्यापीठास दिशा दिली आहे, हे यावरून ध्यानात येईल.

मानाच्या जागेपासून जबाबदारीपर्यंत

प्रारंभी विद्यापीठाचे सदस्यत्व तहहयात असे व तो एक मान समजला जाई. 1904 च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने मोठ्या विद्यापीठांतील सदस्यसंख्या 50 ते 100 यांच्या दरम्यान ठेवली आणि सदस्यत्वाची मुदत पाच वर्षांची केली. काही जागा पदवीधरांच्या मतांनी भरण्याची तरतूदही त्यात होती. मात्र बहुसंख्य सदस्य सरकारनियुक्तच राहिले.

महाराष्ट्रात आज 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू आहे. त्यातील अधिसभेची रचना पाहिली असता व्यवसायांचा विचार किती बारकाईने केला आहे, हे दिसून येते. निवडून येणाऱ्या सदस्यांत दहा प्राचार्य, दहा महाविद्यालयीन शिक्षक, संस्थाचालकांचे सहा प्रतिनिधी आणि दहा नोंदणीकृत पदवीधर असतात. पदवीधरांच्या दहांपैकी पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक याप्रमाणे राखून ठेवलेल्या आहेत. याशिवाय कुलपतींनी नामनिर्देशित करावयाच्या व्यक्तींत शेती, समाजकार्य, सहकारी चळवळ, कायदा, वित्त, बँकव्यवसाय, सांस्कृतिक कार्य व उद्योग या क्षेत्रांचा निर्देश आहे.

अभ्यासक्रम तयार करण्याचे काम त्या त्या विषयाच्या अभ्यास मंडळाकडे असते. स्वायत्त महाविद्यालयांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मंडळावर बाहेरील विषयतज्ज्ञांबरोबरच उद्योगक्षेत्रातील एक प्रतिनिधी व एक गुणवंत माजी विद्यार्थी असावा लागतो. त्यांच्या विद्यापरिषदेवर उद्योग, व्यापार, कायदा, शिक्षण, वैद्यक, अभियांत्रिकी अशा क्षेत्रांतील बाहेरचे किमान चार तज्ज्ञ घ्यावे लागतात. वस्त्रोद्योगाच्या रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम ठरविताना रंगाईच्या कारखान्यात काम केलेला सदस्य उपस्थित असेल, तर सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा प्रश्न तो विसरणार नाही. पुस्तकातून विषयाचे ज्ञान होते; त्या विषयावर पोट भरणाऱ्याच्या अडचणी मात्र अनुभवानेच कळतात.

गुजरातमधील नवी रचना

सुरतेचे विद्यापीठ 1967 साली दक्षिण गुजरात विद्यापीठ या नावाने कार्यान्वित झाले आणि 2004 मध्ये त्यास कवी नर्मद यांचे नाव देण्यात आले. गुजरात सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2023 अन्वये हे विद्यापीठ व राज्यातील इतर दहा विद्यापीठे एकाच कायद्याखाली आली. पूर्वीची सिनेट व सिंडिकेट ही मंडळे जाऊन त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळाची रचना आली आणि सिनेटच्या निवडणुका संपुष्टात आल्या. कारभार जलद व शिस्तबद्ध व्हावा, हा या बदलामागील हेतू सांगण्यात आला. प्रतिनिधित्व कमी होईल, अशी शंका विरोधकांनी व्यक्त केली. हा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उघड आहे. जेथे सदस्य मतदानाने येत नाहीत, तेथे ते कोणत्या क्षेत्रातून निवडले जातात याचे महत्त्व अधिकच वाढते. नवागामसारख्या श्रमिक वस्तीच्या प्रश्नांची जाण असलेली व्यक्ती मंडळावर आहे किंवा नाही, याकडे तेथील नागरिकांनी लक्ष पुरविणे इष्ट होय.

नागरिकांनी काय करावे?

पहिली गोष्ट पदवीधरांनी करावयाची आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठाची पदवी मिळाली म्हणजे मतदार यादीत नाव आपोआप येत नाही. त्यासाठी विहित नमुन्यात अर्ज करून नोंदणी करावी लागते. पुष्कळ पदवीधर येथेच मागे राहतात आणि दहा जागांचा निर्णय थोड्यांच्या हाती जातो.

दुसरी गोष्ट पालक, शिक्षक व ग्रामस्थ यांच्या आटोक्यातील आहे. महाराष्ट्राच्या अधिनियमानुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात ‘महाविद्यालय विकास समिती’ असते. तिच्यावर संस्थेचे अध्यक्ष व सचिव, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी यांच्यासमवेत शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील चार स्थानिक व्यक्ती घ्याव्या लागतात. त्यांपैकी किमान एक त्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी असावा लागतो. समितीची बैठक वर्षातून निदान चार वेळा व्हावयास हवी. महाविद्यालयाच्या विकासाचा आराखडा व अंदाजपत्रक तिच्यापुढे येते. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात या चार जागांवर कोण आहेत, बैठका नियमित होतात काय, याची चौकशी प्राचार्यांकडे करण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

सल्लागार विद्वान असावा हे तर खरेच. परंतु सर्व सल्लागार एकाच प्रकारचे विद्वान असले, तर सल्ला एकाच बाजूचा होतो. शेतकरी, यंत्रमागावरील कामगार, परिचारिका, वकील व शिक्षक यांच्या अनुभवांची भर त्यात पडली, तरच विद्यापीठाचे निर्णय नवागामच्या चाळीपर्यंत आणि सातपुड्याच्या पाड्यापर्यंत उपयोगी पडतील. त्यासाठी कायद्याने काही जागा ठेवल्या आहेत. त्या योग्य माणसांनी भरल्या जातील हे पाहण्याची जबाबदारी मात्र आपणा सर्वांची आहे.