महाराष्ट्राएवढा ज्वालामुखी

मंगळ ग्रहावर ऑलिम्पस मॉन्स नावाचा एक ज्वालामुखी आहे. त्याची रुंदी सुमारे 600 किलोमीटर, म्हणजे पुणे ते नागपूर सरळ रेषेत मोजावे जवळपास तेवढी. त्याने व्यापलेली जमीन अंदाजे 3 लाख चौरस किलोमीटर; आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ आहे 3 लाख 7 हजार. एक डोंगर आणि एक अख्खे राज्य! 1971 साली मरिनर-9 हे अमेरिकन यान मंगळाजवळ पोहोचले, तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळाने झाकला होता. त्या धुळीतून वर डोकावणाऱ्या मोजक्या शेंड्यांत हा एक होता.

उंची किती, असे मुले विचारतील. येथे आई-वडिलांनी थोडे सावध असावे. जुन्या पुस्तकांत 25 किंवा 27 किलोमीटर सापडेल, नव्यात सुमारे 22. डोंगर काही खचलेला नाही. पुढे मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाने लेसर किरणांनी मोजणी केली आणि आकडा सुधारला. शिवाय मंगळावर समुद्रच नाही, तर समुद्रसपाटी आणणार कोठून? तेथे एक सरासरी पातळी धरूनच मोजावे लागते.

पृथ्वीवर तरी हिशेब सोपा आहे का? हवाई बेटावरील मौना लोआ हा ज्वालामुखी समुद्रसपाटीपासून 4,169 मीटर, एव्हरेस्टच्या निम्माही नाही. समुद्राच्या तळापासून मोजला तर तो 9 किलोमीटर भरतो. त्याच्या वजनाने खालचा तळ आणखी सुमारे 8 किलोमीटर दबला आहे. तेही धरले तर 17! तरीसुद्धा एका ऑलिम्पस मॉन्समध्ये असे शंभरेक मौना लोआ मावतील.

एवढा फरक का पडला? चाळीतला नळ आठवा. एकच पिंप नळाखाली ठेवले तर ते काठोकाठ भरते. पण रांगेतली भांडी एकामागून एक पुढे सरकवली, तर प्रत्येकात थोडे थोडे पाणी पडते. पृथ्वीचे कवच असेच वर्षाला काही सेंटिमीटर सरकते, म्हणून खालच्या उष्ण जागेवर हवाई बेटांची रांगच तयार झाली. मंगळाचे कवच सरकत नाही. लाव्हा कोट्यवधी वर्षे एकाच जागी साचत राहिला. त्यातून मंगळाचे आकर्षणही कमी. येथले 100 किलोचे पोते तेथे 38 किलोचे वाटेल. त्यामुळे उंच डोंगर स्वतःच्या भाराने तितका दबत नाही.

शुक्रावरील मात मॉन्स सुमारे 8 किलोमीटर उंच आहे. त्याच्याजवळचे एक मुख 1991 मध्ये काही महिन्यांतच रुंदावले होते, हे जुनी रडार-चित्रे पुन्हा तपासल्यावर 2023 साली उघड झाले.

आपल्या दख्खनला मात्र असा एकही सुळका नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर पसरला. आज उरलेला त्याचा विस्तारच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ऑलिम्पस मॉन्सहूनही जास्त. अजिंठा-वेरूळची लेणी त्याच काळ्या दगडात कोरलेली आहेत.