‘क’ नसलेली वर्णमाला

‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकेतल्या क्लिंगॉन या लढाऊ परग्रहवासीयांच्या भाषेत आपला साधा ‘क’ नाही. त्यामुळे स्वतःच्या जमातीचं नावसुद्धा ते ‘क्लिंगॉन’ असं उच्चारत नाहीत. त्या नावाच्या सुरुवातीचं व्यंजन काढायचं तर जीभ ‘त’साठी टेकवायची आणि श्वास जिभेच्या दोन्ही कडांवरून घासत बाहेर सोडायचा. मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेत या जातीचा ध्वनी आहे. देवनागरीत त्याला अक्षर नाही.

क्लिंगॉनची घडण समजून घ्यायला मराठी वाचकाजवळ एक उत्तम साधन आहे: शाळेत पाठ केलेली वर्णमाला. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे पाच वर्ग, प्रत्येकात पाच वर्ण. ध्वनी तोंडात कुठे आणि कसा निर्माण होतो, त्यानुसार त्याची जागा ठरते. या तक्त्यावर क्लिंगॉन ठेवून पाहा. क-वर्गातले क, ख, ग, घ गायब, पण ङ हजर. आणि तोही आपल्यासारखा जोडाक्षरापुरता नाही, तर शब्दाच्या शेवटी स्वतंत्रपणे येणारा. च आणि ज आहेत, तेही ‘चहा’ आणि ‘जिल्हा’मधले; ‘चमचा’ आणि ‘जग’मधले नाहीत. ट-वर्गातला फक्त ड. त-वर्गात त आणि न आहेत, द नाही. प, ब, म आहेत. त्यातला प काय किंवा त काय, श्वासाचा जोरदार झोत सोडूनच म्हणायचा. स नाही, श नाही, पण ष आहे, तोही अस्सल मूर्धन्य. उर्दू गझल ऐकणाऱ्यांच्या ओळखीचे ख़, ग़ आणि क़ आहेत, शिवाय क़चा आणखी खरखरीत भाऊ. एकूण २१ व्यंजनं आणि ५ स्वर. स्वराने एकही शब्द सुरू होत नाही. ‘आई’सारखा शब्द या भाषेत संभवतच नाही.

हे रिकामे चौकोन मुद्दाम ठेवलेले आहेत. माणसांच्या भाषांत ध्वनी सहसा जोडीने नांदतात: ड असेल तर ट असण्याची शक्यता फार. क्लिंगॉनमध्ये ड आहे, ट नाही. त आहे, द नाही. यातला एकेक ध्वनी कुठल्या ना कुठल्या मानवी भाषेत सापडतो, म्हणून नटांना तो शिकता येतो. पण हा असा गोतावळा एकत्र कुठेच भेटत नाही, म्हणून कानाला तो परका लागतो. कल्पित भाषेची ध्वनिव्यवस्था रचताना काय घ्यायचं यापेक्षा काय वगळायचं हा निर्णय मोठा असतो, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

ही रचना मार्क ओक्रँड या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाची. १९७९च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात क्लिंगॉन पात्रांच्या तोंडी मोजकी वाक्यं होती. ती जेम्स डूहान या नटाने रचली होती. त्यांना नाद होता, व्याकरण नव्हतं. १९८४च्या ‘द सर्च फॉर स्पॉक’साठी खरी भाषा हवी, असं ठरल्यावर हे काम ओक्रँड यांच्याकडे आलं. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी दूरचित्रवाणीवर मजकूर दाखवण्याच्या क्षेत्रात ते नोकरी करत होते. डूहान यांचे उच्चार त्यांनी टाकून दिले नाहीत. त्यांतले ध्वनी वेचले आणि त्यांवर बाकीची इमारत उभारली.

व्याकरणातही हाच बाणा. वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. जगातल्या फारच थोड्या भाषा हा क्रम पाळतात. ब्राझीलमधली हिश्कार्याना ही त्यांतली प्रसिद्ध. आपण ‘वाघ मारला शिकाऱ्याने’ असं सहज म्हणतो, कारण कोणी कोणाला मारलं ते विभक्ती सांगते. क्लिंगॉनमध्ये कर्त्या-कर्माला विभक्ती नाही. तिथे क्रम उलटला की शिकारी मरतो.

त्याहून मोहक आहे क्रियापद. कोण आणि कोणाला, ही दोन्ही माहिती क्रियापदाच्या एकाच उपसर्गात सामावते. ‘क़ालेग़’ म्हणजे मी तुला पाहतो. ‘चोलेग़’ म्हणजे तू मला पाहतोस. हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. ‘तू भाकरी खाल्लीस’ म्हणताना ‘ली’ भाकरीचं लिंग सांगते आणि शेवटचा ‘स’ तुझ्याकडे बोट दाखवतो. शाळेच्या व्याकरणात याला संकर प्रयोग म्हणतात. मराठीत जे अधूनमधून घडतं, ते क्लिंगॉनमध्ये रोजचं आहे. अनेकवचनाचे प्रत्यय तीन: बोलू शकणाऱ्यांसाठी एक, शरीराच्या अवयवांसाठी दुसरा, उरलेल्या सगळ्यासाठी तिसरा. म्हणजे लिंगभेदाच्या जागी या भाषेने वाचा असणं-नसणं हा भेद ठेवला.

चित्रीकरणात नट चुकायचे. चुकलेला उच्चार पडद्यावर गेला की तोच प्रमाण मानून ओक्रँड नियम वाकवत. संकलनात पडद्यावरचं भाषांतर बदललं, तर आधीच बोलल्या गेलेल्या ध्वनींना नवा अर्थ बसवावा लागे. अपवाद आणि अनियमित रूपं अशी आत आली, आणि माझ्या मते भाषा त्यांनीच जिवंत वाटू लागली. १९८५मध्ये ओक्रँड यांचा क्लिंगॉन शब्दकोश व्याकरणासह प्रसिद्ध झाला. ‘असणे’ हे क्रियापद त्यांनी ठेवलंच नव्हतं. १९९१च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात हॅम्लेटच्या स्वगताची सुरुवात क्लिंगॉनमध्ये हवी झाली, तेव्हा ते कोंडीत सापडले. ‘जगणे’ वापरून त्यांनी पहिला तर्जुमा केला. नट क्रिस्टोफर प्लमर यांना त्याचा नाद पटला नाही. तेव्हा क्रिया चालू असल्याचं दाखवणाऱ्या प्रत्ययातून ‘टिकून राहणे’ या अर्थाचं क्रियापद ओक्रँड यांनी काढलं. भाषेची मोडतोड न करता तिच्याच पोटातून शब्द काढणं, ही खरी कारागिरी. पुढे क्लिंगॉनप्रेमींनी अख्खं ‘हॅम्लेट’ या भाषेत आणलं.

हा हात कुठे तयार झाला, तेही सांगायला हवं. बर्कलीच्या विद्यापीठात ओक्रँड यांनी १९७७मध्ये पीएचडी केली, ती मुत्सुन या कॅलिफोर्नियातल्या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर. ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई असेन्सिओन सोलोर्सानो १९३०मध्ये वारल्या होत्या. त्याआधी भाषाशास्त्रज्ञ जॉन पीबॉडी हॅरिंग्टन यांनी त्यांच्याकडून लिहून घेतलेल्या टिपणांतून, आणि जुन्या मिशनरी कागदपत्रांतून, ओक्रँड यांनी तिची व्यवस्था जुळवली. बोलणारं कुणी नसताना कागदावरच्या खुणांतून भाषेचे नियम ताडण्याची ती तालीम होती.

क्लिंगॉनला जगभर कीर्ती मिळाली, पण त्यांचं मोठं काम मी त्या प्रबंधालाच मानतो. मुत्सुन समाजातल्या लोकांनी आपली भाषा पुन्हा शिकायला घेतली, तेव्हा तो त्यांच्या उपयोगी पडला. २०१६मध्ये मुत्सुन-इंग्रजी शब्दकोशही प्रसिद्ध झाला आहे.