फ्रीज गार होत नाही? आधी हे पाहा

आता खेड्यातही पुष्कळ घरांत फ्रीज आला आहे. त्यात दूध असते, भाजी असते. कुणाच्या घरी मधुमेहाचे इन्शुलीनही असते. फ्रीज गार होईनासा झाला, की दूध नासते, औषध वाया जाते. मग कुणीतरी म्हणते, "गॅस संपला, भरून घ्या." पण जरा थांबा. पैसे देण्याआधी आपण काही गोष्टी पाहू या.

फ्रीज थंडी तयार करीत नाही, बरे का! तो आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. पंप विहिरीतले पाणी उपसतो, तसेच हे. म्हणून बाहेरची उष्णता आत शिरता कामा नये. आणि आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट हवी.

दार : दाराच्या रबरी पट्टीत कागद धरून दार लावा. कागद ओढून पाहा. सहज निघाला, तर तिथून गरम हवा आत शिरते. पट्टी साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. फाटली असेल तर बदला.

जागा : फ्रीज चुलीजवळ किंवा उन्हात नको. मागे वीतभर जागा सोडा. मागच्या जाळीवर धूळ बसली असेल, तर प्लग काढून ती कुंच्याने झाडा.

बर्फ : बर्फाचा जाड थर म्हणजे गोधडीच. ती गारवा अडवते. फ्रीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडू नका. आतल्या नळीला भोक पडले, तर गॅस निघून जाईल.

भांडी : गरम भाजी, गरम दूध निवल्यावरच आत ठेवा. फार दाटी करू नका. आत हवा खेळली पाहिजे.

वीज : विजेचा दाब कमी असला, की यंत्र गुणगुणते, टक् वाजते आणि बंद पडते. अशा गावी स्टॅबिलायझर लावावा. वीज गेली, तर ती परत आल्यावर पाच मिनिटांनी फ्रीज सुरू करा.

एवढे करून एक दिवस वाट पाहा. तरीही गारवा नाही? मग कारागिराला बोलवा. पण एक ध्यानात ठेवा. हा गॅस रॉकेलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळीत फिरत राहतो. तो कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. म्हणून विचारा, "गळती कुठे आहे?" आधी ती बुजवावी, मगच गॅस भरावा. नाहीतर पैसे पुन्हा हवेत जातील. नळी मात्र स्वतः उघडू नका. पुष्कळ नव्या फ्रीजमधला गॅस पेट घेतो.

न उघडलेले इन्शुलीन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. ते बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. गोठलेले इन्शुलीन टाकून द्यावे. फ्रीज बराच वेळ बंद होता? मग ते टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा.