कवळी, ॲक्रिलिक
पॉलिमिथिल मिथॅक्रिलेट या बहुवारिकाची (असंख्य लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थाची) बैठक असलेल्या कृत्रिम दंतपंक्तीस ॲक्रिलिक कवळी म्हणतात. हिरडीवर व टाळूवर टेकणारा गुलाबी भाग म्हणजे बैठक होय. एकाच डब्यातील द्रव्यापासून केलेल्या दोन बैठकींपैकी एक अनेक वर्षे टिकते, तर दुसरी अल्पावधीत तडकते, असे घडू शकते. अशा वेळी दोष पुष्कळदा द्रव्याचा नसून त्यावर केलेल्या प्रक्रियेचा असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बैठकीसाठी व्हल्कनाइट हे कठीण रबर वापरीत. ते टिकाऊ होते. पण त्याचा रंग हिरडीशी जुळत नसे. १९३०–४० या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक द्रव्य प्रचारात आले आणि थोड्याच वर्षांत त्याने व्हल्कनाइटाची जागा घेतली.

बैठक चूर्ण व द्रव यांच्या मिश्रणातून घडविली जाते. चूर्णात अगोदरच बहुवारिकीकरण झालेले बारीक मणी, रंगद्रव्य आणि विक्रिया सुरू करणारे बेंझॉइल पेरॉक्साइड असते. द्रव म्हणजे मिथिल मिथॅक्रिलेट हे एकवारिक (ज्याचे रेणू जोडले जाऊन बहुवारिक बनते ते संयुग) असून साठवणीत ते आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात अत्यल्प हायड्रोक्विनोन घालतात. केवळ द्रवाचे बहुवारिकीकरण केले, तर घनफळात सु. २१% आकुंचन होते. चूर्ण व द्रव घनफळाने ३ : १ या प्रमाणात घेतल्यास ते सु. ७ टक्क्यांवर येते. द्रव जास्त घेणे म्हणजे आकुंचनाला आमंत्रण देणेच होय. मिश्रण कणकेसारखे झाले व बोटांना चिकटेनासे झाले, की ते धातूच्या पेटीतील (फ्लास्कमधील) प्लास्टरच्या साच्यात दाबून भरतात. दाब अपुरा पडल्यास बैठकीत पोकळ्या राहतात.

यानंतरची पायरी तापविण्याची असून टिकाऊपणाच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. सु. ६०° से.च्या वर बेंझॉइल पेरॉक्साइडाचे विघटन होऊन विक्रिया सुरू होते. ही विक्रिया ऊष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) असते आणि प्लास्टर उष्णतेचे मंदवाहक असल्याने ती उष्णता आतच कोंडते. एकवारिकाचा उकळबिंदू १००·८° से. आहे. पेटी एकदम उकळत्या पाण्यात ठेवली, तर जाड भागातील तापमान या बिंदूपलीकडे जाऊन न जुळलेले एकवारिक उकळते आणि त्याचे बुडबुडे घट्ट होत असलेल्या द्रव्यात अडकून पडतात. खालच्या कवळीचा जाड भाग म्हणूनच अधिक धोक्यात असतो. ही सच्छिद्रता खोलवर असल्याने झिलई केल्यावरही नजरेस येईलच असे नाही.

पातळ भागांची अडचण नेमकी उलट असते. तेथे निर्माण होणारी उष्णता अल्प असल्याने तापमान कमी राहिल्यास विक्रिया अपुरी राहते. याकरिता पेटी ७४° से. तापमानाच्या पाण्यात सु. ८ तास ठेवतात किंवा त्याच तापमानास २ तास ठेवून नंतर १ तास उकळतात. शेवटच्या उकळीने पातळ भागातील एकवारिकही बऱ्याच अंशी जुळते. नीट तापविलेल्या बैठकीत शिल्लक एकवारिक सु. ०·२ ते ०·५% असते. ते जास्त राहिल्यास बैठक मऊ व दुर्बल होते, शिवाय तोंडाच्या आतील त्वचेचा दाहही होऊ शकतो. उकळलेली पेटी थंड पाण्यात बुडविल्यास ॲक्रिलिक व प्लास्टर यांच्या असमान आकुंचनाने बैठकीत ताण साठतात आणि ती वाकडी होते. म्हणून पेटी सावकाश निवू द्यावी लागते.

उष्णतेऐवजी तृतीयक अमाइनाच्या साहाय्याने नेहमीच्या तापमानासच विक्रिया घडविता येते. या पद्धतीत तापमान फारसे न वाढल्याने बैठकीचा आकार अधिक अचूक राहतो. परंतु शिल्लक एकवारिक ३ ते ५% असते, बळ सु. एक-पंचमांशाने कमी पडते आणि अमाइनाच्या ऑक्सिडीभवनाने रंग पिवळट होतो. दुरुस्तीसाठी ही पद्धत सोयीची आहे. नव्या कवळीसाठी केवळ वेळ वाचतो म्हणून ती वापरणे समर्थनीय नाही. सूक्ष्मतरंगांच्या (मायक्रोवेव्हच्या) भट्टीत काही मिनिटांतच काम होते. मात्र पेटी धातूची चालत नाही आणि जाड भागात सच्छिद्रतेची भीती राहते. साच्यात दाबाने द्रव्य भरीत राहणाऱ्या अंतःक्षेपण पद्धतीत आकुंचनाची भरपाई होत जाते. अलीकडे कारखान्यात उच्च दाबाखाली घट्ट केलेल्या चकतीतून संगणकाच्या साहाय्याने बैठक कोरून काढतात. आकुंचन अगोदरच होऊन गेलेले असल्याने ती हिरडीवर चांगली बसते. थरावर थर देऊन मुद्रित केलेल्या बैठकीचे बळ थरांच्या दिशेवर व नंतर दिलेल्या प्रकाशावर अवलंबून असते. ते कोरलेल्या बैठकीपेक्षा सामान्यतः कमी भरते.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार उष्णतेने घट्ट केलेल्या द्रव्याने वाकताना किमान ६५ मेगॅपास्कल, तर उष्णतेविना घट्ट केलेल्याने ६० मेगॅपास्कल ताण सोसला पाहिजे. एका घासाचा ताण याहून पुष्कळच कमी असतो. कवळी मोडते ती बहुधा हातातून पडून किंवा वारंवार वाकल्याने येणाऱ्या शिणवट्यामुळे. कालांतराने हिरडीखालचे हाड झिजते, वरची कवळी टाळूच्या मध्यावर डोलू लागते आणि प्रत्येक चर्वणागणिक किंचित वाकते. ओठाच्या बंधासाठी पुढे ठेवलेल्या खाचेपाशी ताण एकवटून तेथे सूक्ष्म तडा जातो. वाटेत पोकळी असल्यास तो लवकर पसरतो आणि एके दिवशी कवळी मध्यरेषेवर दुभंगते. साधे ॲक्रिलिक क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत नसल्याने, श्वासनलिकेत गेलेला तुकडा शोधणे कठीण जाते. मोडलेली कवळी जोडून घेतली, तरी सांधा मूळ द्रव्याइतका बळकट होत नाही. शिवाय मूळ कारण दूर न केल्यास ती पुन्हा तेथेच किंवा लगत मोडते.

बैठक पाणी शोषते. वजनात १% वाढ झाल्यास लांबीत सु. ०·२३% प्रसरण होते, त्यामुळे प्रक्रियेतील आकुंचन काहीसे भरून निघते. वारंवार सुकणे व भिजणे यांनी मात्र पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. यास्तव काढून ठेवलेली कवळी पाण्यात ठेवतात. ते पाणी गार असावे. उकळत्या पाण्यात बैठकीतील साठलेले ताण मोकळे होऊन तिचा आकार बदलतो आणि ती पुन्हा तोंडात नीट बसत नाही.